बेस अ‍ॅम्प आणि कॅबिनेट जुळवताना : आधी ओहम, मग वॅट

रिहर्सल रूमला फोन लावून बेस गिटारवाला विचारतो, "दादा, तुमचा बेस कॅब किती ओहमचा आहे?" पलीकडून उत्तर येतं, "हजार वॅटचा आहे, बिनधास्त या." कॅब म्हणजे कॅबिनेट, स्पीकरची पेटी; ओहम म्हणजे ती विजेला किती अडवते त्याचं माप. घोळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. वॅटचा आकडा मोठा दिसतो आणि कॅबच्या पाठीवर ठळक छापलेला असतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. वॅट थोडे इकडेतिकडे झाले तर कानाने सांभाळून घेता येतं. ओहम चुकले तर अ‍ॅम्प तापतो, बंद पडतो आणि नशीब वाईट असेल तर त्याचा आउटपुट जळतो.

म्हणून इथला क्रम ठरलेला आहे. आधी अ‍ॅम्पची मर्यादा, मग कॅबची मोजणी, मग एकूण ओहम, मग वॅट, मग केबल आणि सगळ्यात शेवटी स्विच. मधला टप्पा गाळू नका. मोजणीचा तर नाहीच नाही.

तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. भारीतला नको, पण २०० ओहमची रेंज हवी. सोबत दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, कागदी चिकटपट्टी आणि मार्कर.

अ‍ॅम्पचं मॅन्युअल फोनवर उतरवून ठेवा. पाठीवरचं छापील पुष्कळदा पुसलेलं असतं, आणि दुकानातल्या पाटीवरचा वॅटचा आकडा किती ओहमवरचा आहे ते तिथे क्वचितच लिहिलेलं असतं.

हेड, म्हणजे स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प, कुणी नातेवाइकाने अमेरिकेहून आणलं असेल तर सगळ्यात आधी मेनचा व्होल्टेज बघा. मागे ११५/२३० चा स्विच असेल तर तो २३० वर हवा. काही नव्या अ‍ॅम्पचा पॉवर सप्लाय दोन्ही व्होल्टेज आपोआप घेतो, पण तसं पाठीवर स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. फक्त १२० लिहिलं असेल तर थेट आपल्या सॉकेटमध्ये लावायचं नाही. असं हेड गेलं की दोष कॅबला दिला जातो, म्हणून आधीच सांगितलं.

सावधान : खालची सगळी मोजमापं अ‍ॅम्प बंद करून आणि कॅबची केबल त्यातून काढूनच करायची. ८ ओहमवर ३०० वॅट देणाऱ्या अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर जोरात वाजवताना ५० व्होल्टच्या आसपास दाब असतो. तिथे बोट घालायचं नसतं.

टप्पा १ : अ‍ॅम्पच्या पाठीवरचं नीट वाचा

स्पीकर आउटपुटजवळ "मिनिमम ४ ओहम" किंवा तशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच : या अ‍ॅम्पला जोडलेल्या सगळ्या कॅबचा मिळून इम्पीडन्स (आवाजाच्या सिग्नलला होणारा अडथळा) ४ ओहमच्या खाली जाता कामा नये. वर गेला तर ट्रान्झिस्टर आणि क्लास डी (नव्या, हलक्या जातीच्या) अ‍ॅम्पला काही होत नाही, फक्त पॉवर कमी मिळते.

उदाहरण घेऊ. मार्कबेसचं लिटल मार्क ३ हे हेड ४ ओहमवर ५०० वॅट आणि ८ ओहमवर ३०० वॅट देतं. पाचशे वॅटचं हेड घेऊन ८ ओहमचा एकच कॅब लावला तर हातात तीनशेच वॅट येतात. यात फसवणूक काही नाही, पण घेणाऱ्याला हे दुकानात कळलं तर बरं.

अ‍ॅम्पला मागे स्पीकरची दोन सॉकेट असली तरी ती बहुतेक वेळा आतून समांतरच जोडलेली असतात. "प्रत्येक सॉकेटवर ४ ओहम लावता येतो" हा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. मर्यादा दोन्ही मिळून आहे.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचं गणित वेगळं. त्यात ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे २, ४, ८ ओहम असा निवडीचा स्विच किंवा वेगवेगळी सॉकेट असतात. इथे नुसतं "खाली जाऊ नका" असं नसून "बरोबर जुळवा" असं असतं. अँपेगचं एसव्हीटी-सीएल हे ३०० वॅटचं हेड २ किंवा ४ ओहमवर चालतं. ४ ओहमचा एक ८×१० (दहा इंची आठ स्पीकरांचा) कॅब लावला तर स्विच ४ वर, तसेच दोन लावले तर २ वर.

सावधान : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतो आणि आत ठिणगी पडून तो जाऊ शकतो. आधी स्पीकरची केबल, मग पॉवर, मग स्टँडबायचा स्विच.

कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत हेड आणि स्पीकर, वापरणाऱ्यांनी आतला स्पीकरही मोजणीत धरायचा. फेंडर रंबल ५०० कॉम्बोमध्ये आतले दोन दहा इंची मिळून ८ ओहम होतात आणि त्यावर ३५० वॅट मिळतात. बाहेरून ८ ओहमचा कॅब जोडला की एकूण ४ ओहम आणि पूर्ण ५०० वॅट. बाहेरून ४ ओहमचा लावला तर मर्यादा मोडली.

पडताळा : कागदावर आता तीन आकडे हवेत. किमान ओहम, ४ ओहमवरचे वॅट, ८ ओहमवरचे वॅट. एकही कमी असेल तर मॅन्युअल उघडा.

टप्पा २ : कॅब स्वतः मोजा

पाठीवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही, पण तो कॅब एकदाही दुरुस्तीला गेलेला नसेल तरच. भाड्याच्या आणि रिहर्सल रूमच्या कॅबमधले स्पीकर फाटतात, मग जवळच्या दुकानातून कोन (पुढचा हलणारा पडदा) आणि कॉइल (मागची तारेची गुंडाळी) बदलून घेतली जाते. दुकानात जी कॉइल असेल ती बसते. बाहेर स्टिकर ८ ओहमचा, आत भलतंच. दुरुस्तीवाला ते वाईट हेतूने करत नाही, त्याला आवाज आल्याशी मतलब.

मोजायची रीत अशी. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि येणारा आकडा लिहून घ्या, बहुधा ०.३ ते ०.५ येईल. हा प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध, तो नंतर वजा करायचा. आता कॅबमध्ये स्पीकर केबल लावा आणि तिच्या मोकळ्या टोकाच्या दोन टर्मिनलना प्रोब टेकवा. जॅक असेल तर एक टोकाला, एक दांड्याला. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. कोनला हात लावू नका आणि शेजारी ड्रमवाला वाजवत असेल तर त्याला दोन मिनिटं थांबायला सांगा. कोन हलला की कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतो आणि आकडा नाचतो.

मीटर मोजतो तो डीसी रोध, छापलेला असतो तो इम्पीडन्स. दोन्ही एक नाहीत, त्यामुळे मीटरवर छापील आकड्यापेक्षा कमीच येतं आणि तसंच यायला हवं. ढोबळ हिशेब असा :

१६ ओहमचा कॅब : मीटरवर १० ते १३
८ ओहमचा कॅब : साडेपाच ते ७
४ ओहमचा कॅब : ३ ते ३.६

मीटरने ५.८ दाखवलं म्हणून "हा ६ ओहमचा निघाला" असं घाबरून फोन करणारे भेटतात. तो ८ चाच आहे, निरोगी आहे.

ट्विटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) असेल तर त्याची काळजी इथे नको. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो, त्यामुळे मीटरला फक्त मोठे स्पीकर दिसतात.

आता बिघाड कसा ओळखायचा ते पाहू, कारण मोजणीचा खरा फायदा इथे आहे. नेहमीचा ८ ओहमचा ४×१० घ्या. त्यात ८-८ ओहमचे चार स्पीकर असतात, दोन-दोन एकसर जोडलेले आणि त्या दोन जोड्या समांतर. प्रत्येक स्पीकर मीटरवर ६ धरला तर एका जोडीचे १२ आणि दोन जोड्या समांतर म्हणजे पुन्हा ६. यातला एक जरी स्पीकर उघडा पडला, म्हणजे कॉइल तुटली, तरी त्याची जोडी पूर्ण बंद होते आणि मीटर ६ ऐवजी १२ दाखवतो. कानाला मात्र "आज जरा आवाज कमी वाटतोय" एवढंच जाणवतं, आणि तो भरून काढायला नॉब वाढवला की उरलेल्या दोन स्पीकरवर जादा भार पडतो.

अँपेगच्या ८×१० मध्ये हा सापळा पकडणं अवघड. त्यात ३२ ओहमचे आठ स्पीकर समांतर असतात. एक गेला तरी एकूण आकडा जेमतेम अर्ध्या ओहमने वर सरकतो आणि साध्या मीटरवर शंका येत नाही. तिथे जाळीजवळ कान नेऊन, अगदी हळू आवाजात एकेक स्पीकर ऐकावा लागतो.

मीटरवर काहीच आलं नाही, नुसता १ किंवा ओएल दिसला, तर सर्किट कुठेतरी तुटलं आहे. आधी केबल बदलून पुन्हा मोजा. १ ओहमच्या आत आलं तर शॉर्ट आहे आणि तो कॅब कुठल्याच अ‍ॅम्पला लावायचा नाही. ८ च्या कॅबने ३ दाखवले तर आतलं वायरिंग किंवा स्पीकर कुणीतरी बदललेत, आणि तुमच्या हिशेबात तो ४ चा.

काही कॅबच्या पाठीवर मोनो-स्टीरिओ किंवा ४-८ असा स्विच असतो. स्विच ज्या जागी ठेवून वाजवणार, त्याच जागी ठेवून मोजा आणि मग त्यावर चिकटपट्टी मारा. मंचावर अंधारात कुणाचा तरी हात लागतोच.

पडताळा : प्रत्येक कॅबच्या पाठीवर चिकटपट्टी लावून मोजलेला आकडा, त्यावरून ठरलेले ओहम आणि तारीख लिहा.

टप्पा ३ : एकूण ओहम काढा

एकच कॅब लावणार असाल तर त्याचे ओहम तेच एकूण ओहम, थेट खालच्या पडताळ्यावर या. दोन किंवा जास्त असतील तर शाळेतली समांतर जोडणी आठवा. सारखे कॅब असले की ओहम भागिले संख्या : ८ चे दोन म्हणजे ४, ८ चे तीन म्हणजे २.६७, ४ चे दोन म्हणजे २, १६ चे दोन म्हणजे ८. वेगवेगळे असतील तर गुणाकार भागिले बेरीज : ८ आणि ४ म्हणजे ३२ भागिले १२, म्हणजे २.६७.

हमखास होणारी चूक म्हणजे साखळी. अ‍ॅम्पमधून पहिल्या कॅबला, त्याच्या दुसऱ्या सॉकेटमधून दुसऱ्या कॅबला अशी केबल नेली की ती एकसर जोडणी झाली असं वाटतं, कारण एकामागून एक जोडलेलं डोळ्यांना दिसतं. विजेच्या दृष्टीने ती समांतरच असते. कॅबवरची दोन सॉकेट आतून एकमेकांना थेट जोडलेली असतात. अ‍ॅम्पच्या दोन सॉकेटमधून दोन केबल काढा नाहीतर साखळी करा, एकूण ओहम तेच.

त्याच कारणाने कॅबच्या दोन सॉकेटमध्ये दोन अ‍ॅम्प लावायचे नाहीत. "एकात माझा, दुसऱ्यात त्याचा, दोघंही एकाच कॅबवर वाजवू" ही कल्पना दोन बँडच्या मोठ्या शोमध्ये कुणाला तरी सुचतेच. दोन आउटपुट एकमेकांवर सोडले की त्यातला एक तरी जातो, बहुधा दोन्ही.

मर्यादा मोडली तर नेमकं काय होतं? ४ ओहमवर ५०० वॅट म्हणजे स्पीकरच्या तारेतून सुमारे ११ अँपिअर. तोच व्होल्टेज २ ओहमवर सोडला तर अ‍ॅम्पला २२ अँपिअर पुरवावे लागतील, आणि तेवढ्यासाठी तो बनलेलाच नाही. चांगला अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो. जुना किंवा स्वस्तातला जाईलच असं नाही. गंमत अशी की हळू आवाजात हे सगळं ठीक चालतं, म्हणून दुपारच्या साउंड चेकमध्ये काही कळत नाही आणि रात्री तिसऱ्या-चौथ्या गाण्यात अ‍ॅम्प मान टाकतो.

पडताळा : एकूण ओहम ≥ अ‍ॅम्पची किमान मर्यादा. तसं नसेल तर इथेच थांबा आणि एक कॅब कमी करा. हळू वाजवू, चालून जाईल, ही सोय नाही.

टप्पा ४ : आता वॅट

कॅबवरचा आकडा कुठल्या जातीचा आहे ते बघा. सतत झेपणारे वॅट, ज्यांना बाजारात आरएमएस म्हणतात, तेच आपल्या कामाचे. प्रोग्रॅम म्हणून लिहिलेला आकडा सहसा त्याच्या दुप्पट असतो आणि पीक चौपट. नुसतं "८०० वॅट" लिहिलेलं असेल आणि पुढे काहीच नसेल तर मी ते प्रोग्रॅमचे धरून ४०० वर हिशेब करतो. घरच्या म्युझिक सिस्टिमवर पीएमपीओचे जे हजारोंचे आकडे छापलेले असायचे त्यांचा तर विचारही नको.

सुरक्षित जोडी अशी : कॅबचे सततचे वॅट अ‍ॅम्पच्या, त्या ओहमवरच्या, वॅटइतके किंवा त्याहून जास्त. दीडपट असले तर उत्तम. अ‍ॅम्प पूर्ण फाटेपर्यंत, म्हणजे आवाज विद्रूप होईपर्यंत, ताणला की त्याच्या छापील वॅटच्या दुपटीपर्यंत सरासरी पॉवर बाहेर पडू शकते, म्हणून ही मोकळीक.

उलट जोडी, म्हणजे ५०० वॅटचा अ‍ॅम्प आणि ३०० चा कॅब, ही गुन्हा नाही. जाणकार लोक तशी वापरतात, पण ती हात आणि कान ओळखीचे असलेल्याने वापरावी. भाड्याच्या सेटअपवर तुमच्यानंतर कोण येऊन नॉब फिरवेल ते सांगता येत नाही.

"कमी वॅटचा अ‍ॅम्प स्पीकर जाळतो" हे वाक्य दर दुसऱ्या दुकानात ऐकू येतं. ५० वॅटचा अ‍ॅम्प ५०० वॅटच्या कॅबला लावला तर मोठ्या स्पीकरचं काही बिघडत नाही, अगदी फाटलेला आवाज आला तरी. धोका असतो तो ट्विटरला, कारण फाटलेल्या आवाजात वरच्या पट्टीचा भरणा वाढतो. ओव्हरड्राइव्ह लावून वाजवत असाल तर कॅबवरचा ट्विटरचा नॉब खाली आणा.

यापुढचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. कॅबवर छापलेले वॅट म्हणजे कॉइलला सोसणारी उष्णता. कोन पुढेमागे किती जाऊ शकतो ते त्या आकड्यात नसतं. चार तारांच्या बेसची खालची ई ४१ हर्ट्झची, पाच तारांच्या बेसची खालची बी ३१ हर्ट्झची. पोर्ट (हवेसाठी ठेवलेलं भोक) असलेल्या कॅबमध्ये पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली पेटीतली हवा कोनला आवर घालत नाही आणि कोन मोकाट हलतो. त्यामुळे ४०० वॅटचा कॅब निम्म्या वॅटवरसुद्धा खालच्या बीला "टक्" असा आवाज करू शकतो. तो टक् म्हणजे कॉइल मागे जाऊन आपटली. तिथे लगेच हात आवरा.

त्यात बेसचा नॉब. ३ डेसिबल वाढवले की त्या पट्टीत दुप्पट पॉवर लागते, ६ वाढवले की चौपट, १२ वाढवले की सोळापट. शंभर वॅटमध्ये आरामात चाललेला अ‍ॅम्प बेसचा नॉब पूर्ण फिरवल्यावर सोळाशे मागायला लागतो. ते त्याच्याकडे नसतात, मग तो फाटतो. खोलीत खालचा आवाज कमी वाटत असेल तर आधी कॅब भिंतीजवळ किंवा कोपऱ्यात सरकवून बघा. वीज फुकट वाचते. हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीच्या खालचा आवाज गाळणारा) असेल तर ३० ते ३५ हर्ट्झवर ठेवा, पेडल असो की अ‍ॅम्पमधला स्विच. ऐकायला काही कमी झालेलं जाणवत नाही आणि कोनचं आयुष्य वाढतं.

आणि एक : व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे पॉवरचा मीटर नव्हे. अ‍ॅक्टिव्ह पिकअपचा (बॅटरीवर चालणारा) जोरकस बेस लावला तर नॉब घड्याळातल्या दहाच्या काट्यावर, म्हणजे अर्ध्याच्याही आत, असतानाच अ‍ॅम्प पूर्ण पॉवर देऊन बसलेला असू शकतो. "मी तर अर्ध्यावरच ठेवला होता" हे म्हणणं दुरुस्तीवाल्याकडे चालत नाही.

अजून आवाज हवा असेल तर पाचशेवरून हजार वॅटवर जाऊन फक्त ३ डेसिबल मिळतात, म्हणजे "हो, थोडा वाढला" एवढंच. लिटल मार्क ३ ला ८ ओहमचा एक कॅब असताना त्याच जातीचा दुसरा लावा. पॉवर ३०० वरून ५०० होते म्हणून २ डेसिबलच्या वर, शिवाय हवा ढकलणारं क्षेत्र दुप्पट झालं म्हणून ३. एकूण पाचच्या घरात. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर मी दुसरा कॅब घेईन. कॅब घेताना सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये किती मोठं वाजतं त्याचा) आकडाही बघा : ९८ डेसिबलचा कॅब ९५ च्या कॅबपेक्षा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजतो.

टप्पा ५ : वेगवेगळे कॅब एकत्र लावताना

४×१० वर ठेवलेला १×१५, ही जोडी आपल्याकडे फार दिसते. दोन्ही ८ ओहमचे असतील तर पॉवर निम्मी-निम्मी वाटली जाते. ५०० मधले २५० वरच्या पेटीला, २५० खालच्या. पण ४×१० मध्ये ते चौघांत विभागले जातात, प्रत्येकी ६२ च्या आसपास, आणि पंधरा इंची एकटा २५० झेलतो. तो पंधरा इंची ३०० वॅटचा असेल तर जेमतेम बसतं. २०० चा असेल तर अ‍ॅम्पकडून एकूण ४०० च्या वर मागायचं नाही, शेजारचा ४×१० हजाराचा असला तरी.

ओहम वेगळे असतील तर वाटणीही वेगळी होते. ४ आणि ८ चे कॅब एकत्र लावले तर ४ चा दोन हिस्से घेतो, ८ चा एक. ५०० मधले ३३३ आणि १६७. म्हणजे लहान कॅब ४ चा आणि मोठा ८ चा असेल तर जास्त भार नेमका लहानग्यावर. शिवाय एकूण २.६७ होतात, आणि त्यासाठी अ‍ॅम्पवर २.६७ किंवा २ ओहम स्पष्ट लिहिलेलं हवं.

पडताळा : प्रत्येक कॅबच्या वाट्याला येणारे वॅट वेगळे काढा आणि त्याच्या सततच्या आकड्याशी ताडून बघा. सगळ्यात कच्चा कॅब संपूर्ण सेटअपची मर्यादा ठरवतो.

टप्पा ६ : केबल

गिटारची केबल आणि जॅकवाली स्पीकर केबल बाहेरून सारख्याच दिसतात. जॅकचं टोपण फिरवून काढा. आत एक बारीक तार आणि भोवती जाळीचं वेष्टण असेल तर ती शिल्डेड वायर, बेस ते अ‍ॅम्प एवढ्यासाठीच. दोन सारख्या जाड तारा असतील तर स्पीकरची. शिल्डेड वायर स्पीकरला लावली की ती गरम होते, पॉवर खाते, वितळून शॉर्टही होऊ शकते.

स्वतः बनवायची असेल तर विजेच्या दुकानातून दोन कोरची मऊ तांब्याची वायर घ्या. दोन-तीन मीटरसाठी दीड चौरस मिलिमीटर पुरते, लांब न्यायची तर अडीच. अडीचच्या १० मीटर केबलची जाऊन-येऊन रोध साधारण ०.१५ ओहम, म्हणजे काळजी नको.

शक्य तिथे स्पीकॉन, म्हणजे लॉक होणारा स्पीकरचा कनेक्टर, वापरा. सॉकेटमध्ये घालून फिरवला की "खट्" असा लॉक होतो. तो आवाज आला नाही तर तो बसलेला नाही. चार टर्मिनलच्या स्पीकॉनमध्ये बेस कॅब सहसा पहिली जोडी वापरतात. साउंडवाल्याकडून मागून घेतलेली केबल दुसऱ्या जोडीवर ओढलेली असेल तर सगळं नीट जोडूनही आवाज येत नाही आणि अर्धा तास अ‍ॅम्प उघडण्यात जातो. मीटर कंटिन्यूटीवर ठेवून दोन्ही टोकं तपासा.

ध्रुवता : दोन कॅब असतील तर पेन्सिल सेल केबलच्या टोकाला क्षणभर टेकवा, अधिक टोक अधिकला. कोन बाहेर यायला हवा. टॉर्चने जाळीतून बघा. एका कॅबचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर दोघं एकमेकांचा खालचा आवाज खाऊन टाकतील. वॅट वाढवून तो परत येत नाही. एका केबलची वायर उलटवा. एकाच कॅबमधले स्पीकर उलटसुलट हलत असतील तर आत उघडून दुरुस्त करा.

सावधान : बऱ्याच क्लास डी अ‍ॅम्पमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली एकही अर्थ नसते. म्हणून स्पीकर आउटपुटमधून मिक्सरला लाइन काढू नका. त्यासाठी अ‍ॅम्पवर डीआय आउट (मिक्सरला जाणारं वेगळं सॉकेट) असतो, तोच साउंडवाल्याला द्या.

टप्पा ७ : चालू करण्याचा क्रम

१. अ‍ॅम्प बंद, मास्टर (शेवटचा आवाजाचा नॉब) शून्यावर, टोनचे सगळे नॉब मध्यावर.
२. स्पीकर केबल दोन्ही टोकांना. स्पीकॉन लॉक.
३. बेसची केबल इनपुटला.
४. मेनची पिन, तीन पिनांचीच. अर्थची पिन तोडलेला एक्स्टेंशन बोर्ड मंडपात हमखास सापडतो, तो बाजूला ठेवा.
५. पॉवर. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर मिनिटभर तापू द्या, मग स्टँडबाय उघडा.
६. जितक्या जोरात प्रत्यक्ष वाजवणार तितक्या जोरात तार वाजवून गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) लावा. क्लिपचा दिवा क्वचित लुकलुकला तर ठीक.
७. आता मास्टर हळूहळू वर.

मधेच कॅब बदलायचा झाला तर मास्टर खाली आणणं पुरेसं नाही, अ‍ॅम्प बंद करा. जॅक आत-बाहेर करताना त्याची दोन टोकं क्षणभर शॉर्ट होऊ शकतात.

हेड कॅबवर ठेवताना पंख्याची जाळी मोकळी ठेवा. बॅगेची चेन अर्धी उघडून आतल्या आत हेड वाजवणारे लोक मे महिन्यातल्या ओपन एअर कार्यक्रमात हटकून अडचणीत येतात. आणि मैदानात कॅबने प्रेक्षकांपर्यंत पोचायचा हट्ट धरू नका. भिंती नाहीत, खालचा आवाज पसरून जातो. कॅब तुमच्या आणि ड्रमवाल्याच्या ऐकण्यापुरता ठेवा, बाकी डीआयने मुख्य सिस्टिमला.

टप्पा ८ : पहिला अर्धा तास आणि बिघाडाचा शोध

दहा मिनिटं नेहमीच्या आवाजात वाजवा, मग अ‍ॅम्प बंद करून केबलला आणि जॅकला हात लावून बघा. कोमटसुद्धा लागता कामा नये. अ‍ॅम्पची पाठ कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर टप्पा ३ पुन्हा.

जळका वास आला तर "अजून एक गाणं" नाही. कॉइलवरचा लेप तापल्याचा तो वास असतो, आणि पुढची पायरी म्हणजे कॉइल अडकून कोन खरडायला लागतो. अ‍ॅम्प बंद करून कोन हाताने चारी बाजूंनी सारखा दाबत हळू आत ढकला. खरखर लागली तर तो स्पीकर गेला.

आवाज पातळ पण मोठा : ध्रुवता. आवाज येतो-जातो : जॅक किंवा सैल सॉकेट. फक्त खालच्या तारेवर घर्र : आधी जाळीचे आणि कॅबच्या हँडलचे स्क्रू आवळा, मग स्पीकरवर संशय घ्या. कितीतरी "फाटलेले" स्पीकर एका सैल हँडलमुळे दुरुस्तीला गेलेले आहेत.

प्रोटेक्टचा दिवा लागला तर अ‍ॅम्प बंद करा, पाच मिनिटं थांबा, कॅब काढून पुन्हा मोजा. मीटरवर आकडा बरोबर असेल तर दुसरी केबल लावून बघा. त्यानेही लागला तर दुसरा कॅब. दुसऱ्या कॅबवर सुरळीत चाललं तर पहिल्याची पाठ उघडून आत सुटलेली एखादी वायर फ्रेमला टेकते आहे का ते बघा. ट्रान्झिस्टर किंवा क्लास डी अ‍ॅम्प कुठलाही कॅब न लावतासुद्धा दिवा दाखवत असेल तर कॅबचा त्यात काही दोष नाही, अ‍ॅम्प दुरुस्तीला टाका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर ही शेवटची परीक्षा करायची नाही.